जोखमीच्या चालकांसाठीचा फॉर्म

लग्नाच्या हॉलमध्ये कुणी विचारलं, ताई, तुम्ही काय करता, तर सुरुवातीला मी 'इन्शुरन्स' एवढंच सांगायची आणि विचारणारा ताट घेऊन पनीरच्या काउंटरकडे निघून जायचा. मग मी शहाणी झाले. 'माणसांचा नाही हो, गाड्यांचा' असं एका दमात म्हणायला लागले. तेवढ्यावर माणसं थांबायची. थोड्या वेळाने मोबाईल काढून आपल्या चेपलेल्या बंपरचे फोटोही दाखवायची.

सव्वीस वर्षं मी मुलुंड पूर्वेला एका गाळ्यात बसून गाड्यांचे विमे काढले. गाळा म्हणजे अर्धा गाळा. उरलेल्या अर्ध्यात झेरॉक्सवाले शहा बसतात. माझे वडील गिरणीत होते, आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाकडे चारचाकी नव्हती, आणि मला स्वतःला आजही गाडी चालवता येत नाही. हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला चष्मा असतोच की, अशी मी माझी समजूत काढत आले.

या धंद्यातली एक गंमत बाहेरच्या माणसाला आधी सांगावी लागते. गाडीच्या विम्याचे दोन भाग. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर त्याच्यासाठी. हा कायद्याने सक्तीचा, याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. दुसरा भाग तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी, तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा. प्रीमियम ठरतो तो गाडी कुठली, किती जुनी, इंजिन केवढं, शहर कुठलं यावर. गाडी चालवणार कोण, हे जवळजवळ कुणी विचारतच नाही. विमा गाडीचा निघतो, हातांचा आणि डोळ्यांचा निघत नाही. हल्ली काही कंपन्या मोबाईलवरून तुम्ही ब्रेक कसा मारता ते बघतात आणि नीट चालवलंत तर सवलत देतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने ते घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात मोबाईल घरी बायकोजवळ ठेवून गाडी चालवायला लागला.

मग वाईट चालवणारा माणूस कंपनीला कळतो कसा, तर तो क्लेम करतो तेव्हा. एक क्लेम केला की आधीच्या वर्षांची साठवलेली सवलत जाते. आणखी केले की कंपनी प्रीमियम चढवते, आणि फारच झाले की स्वतःच्या गाडीचा विमा द्यायला चक्क नाही म्हणते. थर्ड पार्टी तेवढा देते, कारण तो कायद्याने द्यावाच लागतो. दहिसरच्या एका गिऱ्हाइकाने एका वर्षात चार क्लेम केले तेव्हा हे त्याला समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे मॅडम, मी दुसऱ्याला ठोकलं तर पैसे आहेत, स्वतःची गाडी फोडली तर नाहीत. असंच ना?" मी विचार करून बघितला. असंच होतं.

आणि क्लेम न करणारा माणूस कंपनीच्या लेखी देवमाणूस. पाच वर्षं क्लेम केला नाही की स्वतःच्या गाडीचा प्रीमियम निम्म्यावर येतो. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत या सवलतीच्या शिखरावर सर्वांत जास्त वर्षं बसलेला माणूस म्हणजे मनोहर लेले. वय एकोणऐंशी. कंपनीच्या कागदावर मुलुंडमधला सर्वांत निर्धोक चालक. त्यांच्या सोसायटीत मात्र काकांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की बायका मुलांना हाका मारून जिन्यात घ्यायच्या.

लेलेकाका एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या रजा, बढत्या आणि वेतननिश्चिती यांच्या फायली हाताळल्या. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा श्रीकांत, सून आणि नात यांच्याबरोबर राहायचे. चंदेरी रंगाची छोटी गाडी होती, ती रोज सकाळी सात वाजता काढून ते दूध आणायला जायचे. दूधकेंद्र सोसायटीच्या गेटपासून दोनशे पावलांवर. गाडी बाहेर काढून, तिथे लावून, दूध घेऊन, परत आत लावेपर्यंत पाऊण तास जायचा. चालत गेले असते तर दहा मिनिटांत आले असते. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "उभी राहिली की बॅटरी उतरते."

त्या पाऊण तासात काय काय व्हायचं याची यादी सोसायटीत सगळ्यांना पाठ होती. तळमजल्याच्या पार्किंगमधला चार नंबरचा खांब त्यांनी तीनदा घासला. वॉचमन मिश्राजींची खुर्ची दोनदा मोडली. दोन्ही वेळा मिश्राजी नुकतेच तिच्यावरून उठलेले. गेटबाहेरच्या शहाळेवाल्याच्या हातगाडीला धक्का लागून शहाळी गटारापर्यंत घरंगळत गेली. प्रत्येक वेळी काका खाली उतरून माफी मागायचे, जागच्या जागी भरपाई द्यायचे आणि गाडीचा पोचा पदरच्या पैशांनी काढून घ्यायचे. क्लेम कधीच केला नाही. सवलत गेली तर त्यांना ते सेवापुस्तकात लाल शेरा पडल्यासारखं वाटलं असतं. त्यामुळे कंपनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ती दरवर्षी त्यांना शाबासकी देत होती.

एका एप्रिलमध्ये नूतनीकरणाच्या पंधरा दिवस आधी श्रीकांत माझ्याकडे आला. पन्नाशीचा सरळ माणूस, बँकेत कॉम्प्युटरचं काम करणारा. खुर्चीवर बसलाच नाही.

"परब मॅडम, बाबांचा विमा रिन्यू करू नका."

"असं कसं रे? तो त्यांचा हक्क आहे."

"मग कंपनीने रिजेक्ट केलं म्हणून सांगा ना. वयामुळे, नजरेमुळे, काहीही सांगा. मी ओरडून थकलो. बायको ओरडली. मुलीने रडून बघितलं. ते ऐकत नाहीत, वर लायसन्स दाखवतात. डॉक्टरचं सर्टिफिकेट देऊन ते पण रिन्यू करून आणलंय. मॅडम, एक दिवस ते कुणाला तरी खाली घेणार. मला रोज सात ते पावणेआठ ऑफिसची तयारी सुचत नाही, खिडकीत उभा असतो."

मी म्हटलं, किल्ली लपव. तो म्हणाला, लपवली होती, त्यांनी पोलिसांत हरवल्याची तक्रार नोंदवली आणि तिची प्रत घरातल्या फ्रिजवर लावली.

आता खरं सांगायचं तर मी तेव्हाच काकांना समोर बसवून 'काका, पुरे आता' असं म्हणायला हवं होतं. त्यांनी ऐकलं नसतं, पण म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी धंदेवाईक डोकं चालवलं. त्या घरच्या पाच पॉलिस्या माझ्याकडे होत्या, मुलगाही दुखवायचा नव्हता आणि बापही. कंपनी नाही म्हणत नसेल तर आपण कंपनीच्या वतीने इतक्या अटी घालू की म्हातारा कंटाळून स्वतःच गाडी सोडेल, असा बेत मी केला. शहांच्या कॉम्प्युटरवर बसून दीड तासात एक फॉर्म तयार केला. वर लिहिलं, 'अतिजोखीम वाहनचालक : अतिरिक्त अटींची पूर्तता'. असा प्रकार आपल्याकडे अस्तित्वातच नाही. इंग्रजीत खोटं लिहायचा आत्मविश्वास नव्हता, म्हणून मराठीत लिहिला.

अटी आठ, त्यांतल्या मुख्य सांगते. नेत्रतज्ज्ञाचा दाखला. कानांचा दाखला. दोन शेजाऱ्यांचं, चालकाच्या स्वभावाविषयी निवेदन. गेल्या तीन वर्षांत ज्या व्यक्तींना वा वस्तूंना धक्का लागला त्या सर्वांचं ना हरकत प्रमाणपत्र. ही माझी सर्वांत लाडकी अट होती. आणि शेवटी, एजंटच्या उपस्थितीत सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेण्याची चाचणी. ज्या खांबाला गाडी तीनदा लागलेली आहे त्याच्या ना हरकतीपर्यंत कोण जातं, असा माझा हिशोब. आयुष्यभर फॉर्म काढणाऱ्या माणसाला मी फॉर्मने थकवायला निघाले होते, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

काका आले, बसले, फॉर्म हातात घेतला. आता चिडणार म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ते एकदा वाचून गेले, मग पेन काढून दुसऱ्यांदा वाचलं. इतका समाधानी चेहरा मी त्यांच्या मुलाच्या घरच्या पूजेलाही पाहिला नव्हता.

"प्रपत्र व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "किती प्रतींत?"

मी प्रतींचा विचारच केला नव्हता. म्हटलं, "तीन."

"बरोबर," ते म्हणाले आणि उठले.

नऊ दिवसांनी फाईल घेऊन हजर. फाईल म्हणजे खरी फाईल, लाल नाडीने बांधलेली, आत अनुक्रमणिका. नेत्रतज्ज्ञाचा दाखला होता, त्यात मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्याची नोंद. शेजाऱ्यांची दोन निवेदनं मागितली होती, त्यांनी अकरा जोडली होती. अकराही जणांनी काकांचा स्वभाव अत्यंत सरळ असल्याचं लिहिलं होतं आणि गाडीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. चार नंबरच्या खांबाच्या वतीने सोसायटीचे सेक्रेटरी ठक्कर यांनी लेटरहेडवर प्रमाणपत्र दिलं होतं, की सदर खांबाची लेलेसाहेबांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. मिश्राजींनी खुर्चीची ना हरकत हिंदीत दिली होती, सोबत काकांनी केलेला मराठी अनुवाद आणि 'मूळ प्रतीबरहुकूम' असा शेरा. शहाळेवाल्याला लिहिता येत नव्हतं. त्याचा अंगठा होता, आणि साक्षीदार म्हणून त्याच वेळी शहाळं प्यायला आलेल्या एका बाईची सही.

"शहाळेवाला तयार नव्हता," काका म्हणाले. "म्हणाला, कागदावर अंगठा दिला तर गाडी जप्त होते. मी त्याला तीन दिवस समजावलं. रोज एक शहाळं प्यावं लागलं."

मी श्रीकांतला फोन केला. म्हटलं, काळजी करू नकोस, चाचणी बाकी आहे.

चाचणी रविवारी सकाळी दहाला ठेवली. मला वाटलं आम्ही तिघं असू. पार्किंगमध्ये पोचले तर खुर्च्या मांडलेल्या. ठक्करांनी नोटीस लावली होती, की चाचणीच्या काळात सभासदांनी आपापली वाहनं आवाराबाहेर लावावीत. सगळ्यांनी लावली होती, काहींनी तर दोन गल्ल्या सोडून. मिश्राजींनी आपली नवी खुर्ची पाण्याच्या टाकीवर चढवून ठेवली होती. कुणीतरी चार नंबरच्या खांबाला जुनी गादी बांधली होती, ती काकांनी सोडायला लावली. म्हणाले, परीक्षार्थीला अनुचित साहाय्य होता कामा नये.

परीक्षक म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले. हातात पॅड, पॅडवर कागद. गाडी मागे घेताना नेमकं कुठे बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी काकांकडेच बघत राहिले. त्यांनी सीट पुढे घेतली, मागे घेतली, आरसे पुसले, पट्टा लावला, माझा पट्टा तपासला. मग प्रत्येक कृती करण्याआधी ते मोठ्याने सांगू लागले, मी लिहून घ्यावं म्हणून. "क्लच दाबला. गिअर टाकत आहे. उजव्या आरशात पाहिले, निरंक. डाव्या आरशात पाहिले, श्री. ठक्कर." खिडकीबाहेर ठक्कर दोन पावलं मागे सरकले.

त्यांच्या नेहमीच्या जागेत गाडी मागे घ्यायला एकोणीस मिनिटं लागली. मधे एकदा इंजिन बंद पडलं. खांबाजवळ आल्यावर वर गॅलरीतून कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता तेवढाच आवाज. काकांच्या मानेवर घामाचा एक ओघळ उतरताना मला दिसला आणि माझ्याही नकळत मी मनात म्हणत होते, लागू नको दे, लागू नको दे. मी त्यांना नापास करायला गेले होते. खांबापासून चार बोटांवर गाडी थांबली. सोसायटीने टाळ्या वाजवल्या. मिश्राजींनी सर्वांत जास्त वाजवल्या.

श्रीकांत मला गेटपाशी गाठून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पास कसं काय केलंत?"

"फॉर्ममध्ये लिहिलंय, धक्का न लागल्यास पास. नाही लागला रे."

"फॉर्म तुम्हीच बनवलाय ना पण?"

"बनवलाय. पण आता बनलाय ना."

त्याने कपाळावर हात मारला. त्याचं चूक नव्हतं. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, कारण त्याची भीती खरी होती आणि मी तिचा तमाशा केला होता. सात ते पावणेआठ तो पुन्हा खिडकीत उभा राहणार होता.

दुसऱ्या दिवशी काका गाळ्यात आले. मला वाटलं पेढे आणले असतील. त्यांनी फॉर्मची सुधारित प्रत आणली होती.

"परबबाई, तुमच्या प्रपत्रात एक मोठी उणीव आहे. चालक पात्र ठरला, ठीक. पण पुढे तो अपात्र केव्हा ठरणार? ते कुठेच नाही. नेमणूक कशी करायची हे लिहिलंत आणि सेवानिवृत्ती लिहायला विसरलात."

त्यांनी नववं कलम घातलं होतं. पात्र ठरल्यानंतर कोणत्याही स्थिर वस्तूस धक्का लागल्यास चालकाने अठ्ठेचाळीस तासांच्या आत वाहनाची किल्ली स्वतःहून एजंटकडे जमा करावी व पोच घ्यावी. खाली खुलासाही होता. स्थिर वस्तू म्हणजे जी स्वतःहून चालकाच्या अंगावर आलेली नाही अशी कोणतीही वस्तू. अपवाद काहीही नाही. मी वाचलं, मान डोलावली, शहांकडून तीन प्रती काढून आणल्या. काकांनी तिन्हींवर सही केली. खोट्या कागदाला एक खरं कलम जोडलं गेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

यानंतर जे झालं ते मी थांबवू शकले असते, पण खरं म्हणजे मला मजा येऊ लागली होती. चाचणीला आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, तो फॉर्म आमच्या ह्यांच्यासाठी मिळेल का. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला आणि तरी ते भर वेगात ठाण्याला जायचे. मग दुसऱ्या सोसायटीतून कुणी दिरासाठी न्यायला आलं. घाटकोपरहून एक आई मुलासाठी आली. सव्वीस वर्षांचा, दोन वर्षांत तीन क्लेम, कंपनीने प्रीमियम चढवलेला, आणि तो म्हणे प्रीमियम भरतोय म्हणजे ठोकायला मोकळा. घराघरांत सांगून दमलेल्या लोकांना कागद हवा होता. आमच्या माणसांचं हे एक आहे. बायकोचं ऐकणार नाहीत, मुलांचं ऐकणार नाहीत, पण छापील कागदावर 'अर्जदाराने' असं लिहिलेलं असलं की सरळ होतात.

छाननीला काका मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक बसू लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शहांच्या बाजूला एक टेबल मागून घेतलं. ते अर्ज परत पाठवायचे. 'त्रुटी : धक्का लागलेल्या कुत्र्याच्या मालकाची ना हरकत जोडलेली नाही.' कुत्रा गल्लीतला होता. शेवटी त्याला रोज पोळी घालणाऱ्या आजींची ना हरकत चालेल असं ठरलं. अर्धांगवाल्या गृहस्थांना काकांनी कानांच्या दाखल्यावर अडकवलं, नंतर चाचणीला बोलावून अपात्र ठरवलं, आणि त्यांनी खरोखर गाडी विकली. घाटकोपरच्या मुलाला पाच वेळा फेऱ्या मारायला लावल्या. सहाव्या वेळी तो मला म्हणाला, "मावशी, मी हळू चालवतो, प्रॉमिस, पण मला त्या काकांसमोर परत नका बसवू ना."

एका दुपारी कंपनीच्या शाखेतून नव्या मॅनेजरचा फोन आला. एजन्सी जाते की काय असं वाटलं. कुणीतरी थेट शाखेत जाऊन हट्ट धरून बसलं होतं, की माझ्याकडून तो फॉर्म भरून घ्या.

"मॅडम, तो हाय-रिस्कवाला फॉर्म पोर्टलवर कुठे आहे?" मॅनेजर म्हणाला. "मला सापडत नाहीये आणि इथे एक सीनियर सिटिझन उठायला तयार नाही."

मी म्हटलं, "त्यांना इकडे पाठवा. मंगळवारी अकरा ते एक."

"थँक यू मॅडम," तो म्हणाला. नंतर त्याने कधीच विचारलं नाही.

डिसेंबरातला एक शुक्रवार. काका अकराच्या ऐवजी साडेनऊला आले. मी नुकतं शटर वर केलं होतं. चालत आले होते, कारण बुटांवर धूळ होती. आपल्या टेबलाकडे न जाता ते माझ्यासमोरच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"कलम नऊ," ते म्हणाले.

मी विचारलं, खांब का?

"नाही. तीनचाकी सायकल. बी विंगमधल्या लहान मुलीची. काल सकाळी, दूध घेऊन परत येताना. पुढचं चाक पूर्ण वाकलं."

"आणि ती?"

"ती नव्हती त्याच्यावर. चेंडू आणायला गेली होती म्हणाली. केव्हा गेली ते मला माहीत नाही. परबबाई, मला ती सायकल दिसली नाही. सायकलीवर मूल असतं तर मला तेही दिसलं नसतं." त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. बोटं मात्र टेबलाची कड घट्ट धरून होती. "कुणी पाहिलं नाही. श्रीकांत खिडकीत होता, पण तिथून गाड्यांमागचं दिसत नाही. मी संध्याकाळी नवी सायकल नेऊन दिली. मुलीच्या आईला वाटलं, मी हौसेने आणली. तिने मला चहा पाजला."

सगळ्यात आधी त्या मुलीचा विचार आला, मग स्वतःची लाज वाटली. आठ महिने मी या सगळ्याला हसत होते, आणि ते आठही महिने ते रोज गाडी काढत होते, माझ्या फॉर्मच्या मंजुरीने. मी म्हटलं, "काका, तुम्हाला एक सांगायचंय. तो फॉर्म खोटा आहे. मी बनवला होता. कंपनीचा असा काही नियमच नाही."

"माहीत आहे," काका म्हणाले. "पहिल्याच दिवशी दिसलं. जावक क्रमांक नाही, दिनांक नाही, खाली कोणत्या परिपत्रकान्वये ते नाही. असं पत्र आमच्या शाखेत आलं असतं तर मी उघडलंही नसतं."

"मग तुम्ही कशाला भरलात?"

त्यांनी किल्ली टेबलावर सरळ करून ठेवली.

"घरात सगळे मला ओरडत होते. बाबा हे, बाबा ते. मुलगा किल्ली लपवतो, नात रडते. ओरडण्याने माणूस काय निवृत्त होतो? मी चौतीस वर्षांत एकाही शिपायाला तोंडी घरी पाठवलं नाही. कागद द्यायचो, म्हणणं मांडायची संधी द्यायचो. मला तुमच्याशिवाय कुणी कागद दिला नाही." मग म्हणाले, "खोटा होता, पण मसुदा बरा होता. आता पोच लिहा."

मी लेटरहेड घेतलं. श्री. मनोहर लेले यांच्याकडून वाहनाची किल्ली एक नग मिळाली. पण एवढंच लिहवेना. त्यांच्यासमोर ते वाक्य फार उघडं वाटलं. मी मधे एक शब्द घातला. 'किल्ली एक नग तात्पुरती जमा करून घेतली', असं लिहून, सही करून, शिक्का मारून कागद त्यांच्याकडे दिला.

काकांनी चष्मा बदलून तो वाचला. माझं पेन मागून घेतलं. 'तात्पुरती' या शब्दावर सरळ एक रेघ मारली, बाजूला आपली छोटी सही केली, खाली तारीख घातली आणि खाडाखोड मला मान्य आहे ना, म्हणून कागद माझ्या सहीसाठी परत माझ्यापुढे सरकवला.